विषय : आईच्या देखभालीचा निर्णय – घरी मदतनीस की शुश्रूषा केंद्र?

सप्रेम नमस्कार,

माझ्या आईचे वय 82 आहे. गेल्या दोन महिन्यांत ती दोनदा पडली. सुदैवाने हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून घरात एकच वाद चालू आहे. धाकट्या भावाच्या मते तिला शुश्रूषा केंद्रात ठेवणे हेच सुरक्षित आहे. माझ्या मनाला ते पटत नाही, आणि दिवसा एक मदतनीस ठेवली तर भागेल असे मला वाटते. माहितीपत्रकांचा ढीग जमला आहे, पण कोणती सोय कोणासाठी असते हेच कळेनासे झाले आहे. ज्यांच्या घरी हा प्रश्न येऊन गेला आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आपली,
एक सभासद

* * *

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रातला वाद ओळखीचा वाटला. वडिलांच्या वेळी आम्ही भावंडांनी तोच वाद चार महिने घातला, आणि तेवढ्या काळात त्यांना नेमकी कशाकशासाठी मदत लागते हे एकदाही कोणी लिहून काढले नाही. ते आधी लिहावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

लिहिण्यासाठी एक जुनी यादी उपयोगी पडते. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी 1963 मध्ये ती मांडली आणि आजही ती वापरात आहे. तिच्यात सहाच गोष्टी आहेत : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. पुढे 1969 मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशा आठ कामांची दुसरी यादी केली. अडचण केवळ या दुसऱ्या यादीपुरती असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा येणारे माणूस, औषधांची कप्प्यांची डबी आणि बँकेच्या कामात कोणाचा तरी हात एवढ्यावर बऱ्याचदा निभावते. अशा वेळी केंद्राचा विचार करण्याची घाई नको.

पहिल्या यादीचे मात्र तसे नाही, आणि तिच्यातही एक फरक ध्यानात घ्यावा. आंघोळीची वेळ ठरवता येते, लघवीची ठरवता येत नाही. ठरलेल्या वेळेची गरज असेल तर सकाळी दोन तास येणारी मदतनीस पुरते. अवेळी उठवावे-बसवावे लागत असेल, तर चोवीस तास कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवे, आणि ते घरच्यांनाच करायचे झाले तर दोन-चार महिन्यांत करणाराच आजारी पडतो. स्मृतिभ्रंशात ही यादी फसवते, हेही सांगून ठेवतो. माणूस सहाही गोष्टी स्वतः करतो, पण गॅस चालू ठेवून घराबाहेर पडतो. तिथे उचलणारे हात नकोत, लक्ष ठेवणारे डोळे हवेत. दिवसभराचे देखभाल केंद्र, जिथून माणूस संध्याकाळी घरी परततो, अशा वेळी उपयोगी पडते.

केंद्र पाहायला जाल तर एकदा न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जावे, आणि कोणी घंटी वाजवली की किती वेळाने माणूस येते ते पाहावे. अनेक ठिकाणी काही आठवड्यांपुरतेही ठेवून घेतात. त्यात घरच्यांना उसंत मिळते आणि आईलाही जागा पारखता येते.

भाषेचा प्रश्न परभाषेच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष भेडसावतो, कारण स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. माझे वडील संडासला जाताना जन्मभर “जरा जाऊन येतो” असे म्हणत. केंद्रातल्या एका दुभाष्याने त्याचे शब्दशः भाषांतर केले आणि कर्मचाऱ्यांनी नोंद केली की हे गृहस्थ सारखे निघून जाण्याचा प्रयत्न करतात. दार लावून घेण्यात येऊ लागले, आणि त्याचा परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको. आम्ही शेवटी त्यांच्या उशाशी एक कार्ड लावले : डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे त्यांचा खरा अर्थ. ते पहिल्याच दिवशी लावायला हवे होते.

मुखत्यारपत्राचे काम मात्र आई समजून-उमजून सही करू शकते तोवर उरकावे. तिची आकलनशक्ती गेल्यावरही ते लागू राहील ना, हे वकिलांना स्पष्ट विचारावे, कारण अनेक देशांत साधे मुखत्यारपत्र नेमके त्याच वेळी निकामी होते.

तूर्तास आठ दिवस एक वही ठेवा. कधी, कशासाठी आणि किती वेळ मदत लागली, एवढेच लिहा. भावालाही लिहायला लावा.

आपला,
एक जुना सभासद

* * *

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

वही ठेवली. आठ दिवसांत आईला धरून उठवण्याची वेळ अकरा वेळा आली, आणि त्यांपैकी नऊ वेळा ती रात्री दोन ते पाचच्या दरम्यान. दिवसा ती जवळजवळ सर्व स्वतः करते. म्हणजे मी जिच्यासाठी हट्ट धरला होता ती दिवसाची मदतनीस बसूनच राहिली असती, आणि दिवसाच्या कामांसाठी भावाचे केंद्रही लागले नसते. वही डॉक्टरांना दाखवली, तेव्हा लघवी होण्याची गोळी ती रात्री जेवल्यावर घेते हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितले आहे. पलंगाशेजारी कमोडची खुर्चीही आणली आहे.

रात्री हाक का मारत नाहीस, असे आईला प्रथमच विचारले. “तुला सकाळी कामाला जायचं असतं,” एवढेच ती म्हणाली.

गोळीची वेळ बदलल्यापासून उठणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. केवळ रात्रीच्या मुक्कामाला मदतनीस कोणी ठेवली असल्यास तिला किती रात्रींमागे सुट्टी द्यावी लागते आणि त्या रात्री काय सोय करता, ते कृपया कळवावे.

आपली,
एक सभासद