सायक्लोॲडिशन : चक्रीय की वलयी?

शेवटचं_पान : एका अंकासाठी सायक्लोॲडिशनवर, म्हणजे दोन रेणू जुळून कडं तयार होतं त्या अभिक्रियेवर, लेख दिलाय. मी ‘वलयी समावेशन’ लिहिलं होतं. मुद्रितं आली तर सगळीकडे ‘चक्रीय बेरीज’! पहिलं वाक्य आता असं : ‘१९२८ साली डील्स आणि आल्डर यांनी चक्रीय बेरीज मांडली.’ वाचणाऱ्याला वाटेल, दोघे रसायनशास्त्रज्ञ नव्हे, जर्मनीतल्या कीलला हिशेबनीस होते. तुम्ही काय वापरता?

खलबत्ता : बेरीज काढा, समावेशन घाला, चक्रीय राहू द्या. शाळेच्या पुस्तकात समावेशन अभिक्रियाच आहे. तसं डील्स-आल्डरच्या [४+२] मध्ये बेरीज आहेच म्हणा.

शेवटचं_पान : ते पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातले, मोजलेत हो, चार डाइईनचे (दोन दुहेरी बंधवाला रेणू), दोन अल्कीनचे (एक दुहेरी बंधवाला). आणि चक्र म्हटलं की फिरणं आलं. जलचक्र, ऋतुचक्र. इथे दोघं समोरासमोर येतात, दोन्ही टोकं एकदमच जुळतात, सहा कार्बनचं कडं तयार. बाहेर काहीही पडत नाही.

मोगरा७ : चक्रवाढ व्याजात तरी काय फिरतं? आपलं डोकं.

जुनी_परीक्षानळी : माझा आक्षेप समावेशनालाच आहे. रोजंदारीवाल्यांचं सेवेत समावेशन होतं, म्हणजे मोठ्याने धाकट्याला पोटात घ्यायचं. इथे दोघे तोलामोलाचे. आणि ‘अभिक्रिया’ हे हिंदीचं खूळ. आमच्या वेळी ‘विक्रिया’ होतं. विश्वकोशातही तेच आहे.

मोगरा७ : काका, अभिक्रिया संस्कृतच आहे, हिंदीच्या नावावर सातबारा कुणी केला? विक्रिया ऐकलं की मला विकृतीच आठवते.

सुताराचा_नातू : मी हे शिकवताना फुगडी सांगतो. दोघींचे दोन्ही हात एकदम धरले गेले पाहिजेत. एक हात पूर्वेला, एक पश्चिमेला करून उभी राहिलेली मुलगी काय फुगडी घालणार? डाइईनचंही तसंच, दोन्ही टोकं एकाच बाजूला वळलेली हवीत. सायक्लोपेंटाडाइईन म्हणजे पाच कार्बनच्या कड्यातलं डाइईन, त्याचे हात कायमचे तसेच अडकलेले, म्हणून ते इतकं उतावीळ. एमएस्सीला त्याचा डायमर (दोन रेणू आपसात जुळून झालेली जोडी) १७० अंशांच्या आसपास फोडून थेंबथेंब गोळा केलं होतं. शनिवारी बाटली बर्फात ठेवायला विसरलो. सोमवारी बघतो तर बहुतेक सगळा डायमर! जोडीदारीण मिळाली नाही तर आपसातच फुगडी. मॅलेइक ॲनहायड्राइड या जोडीदारणीशी जुळून होणारे पांढरे स्फटिक हवे होते, मिळाली बोलणी.

खलबत्ता : फुगडी फिरते. म्हणजे चक्रीय. मी जिंकलो.

जुनी_परीक्षानळी : वलय तरी कुठलं मराठी? संस्कृतात वलय म्हणजे कडं. मग सरळ ‘कडेजोड’ म्हणा.

शेवटचं_पान : ‘कडेजोड’ म्हणजे कडेला जोडलेलं असं वाचतील. साडीला फॉल लावल्यासारखं.

सुताराचा_नातू : लेखात [२+२] घेतलंय का? दोन साधी अल्कीनं नुसती तापवून अशी एकदम जुळत नाहीत, उजेड दिला की जुळतात. असं का, त्याचे नियम वुडवर्ड-हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले. ते आलं नाही तर लेख अर्धाच.

मोगरा७ : उजेडावरून आठवलं. आमची आजी कोडाच्या डागावर बावची उगाळून लावायची आणि उन्हात बसवायची. त्याचा याच्याशी काही संबंध?

सुताराचा_नातू : अगदी हाच! बावचीत सोरालेन असतं. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तिथल्या थायमिन या घटकाला [२+२] करून चिकटतं. चार कार्बनचं कडं. पण घरी करू नका, कातडी भाजून फोड येतात.

मोगरा७ : आले होते. मामाच्या कोपरावर अजून वण आहे.

जुनी_परीक्षानळी : शब्द ‘बाकुची’ असा आहे.

मोगरा७ : काका, बाकुची तुमच्या संस्कृतात. आमच्या गावच्या काष्ठौषधीवाल्याच्या पुडीवर ‘बावची’च असतं.

जुनी_परीक्षानळी : पुडीवर ‘काष्टौषधी’ पण लिहिलेलं असतं.

शेवटचं_पान : मुद्रितं उद्या परत द्यायची आहेत...

खलबत्ता : पुडीवाल्याचा फोटो टाका की.