टोकेलाऊचा नारळ आणि आपलं वाटण

कुळागर
व्हॉट्सॲपवर परत तो मजकूर फिरतोय: पॅसिफिक बेटांवरचे लोक निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून घेतात, त्यांना हृदयविकार नाही, तेव्हा रोज सकाळी दोन चमचे खोबरेल प्या.

आधाराला घेतलेला अभ्यास खरा आहे. संशोधक इयन प्रायर आणि सहकाऱ्यांनी तो १९८१ साली प्रसिद्ध केला. न्यूझीलंडच्या अखत्यारीतली टोकेलाऊची तीन प्रवाळबेटं आणि कुक बेटांतलं पुकापुका यांची त्यात तुलना आहे. टोकेलाऊत ६३ टक्के ऊर्जा नारळातून, पुकापुकात ३४ टक्के. रक्तवाहिन्यांचे विकार दोन्हीकडे विरळ. पण ती माणसं चमच्याने तेल पीत नव्हती. प्रवाळाच्या मातीत फारसं काही पिकत नाही, म्हणून खोबरं, मासे आणि नीरफणस हेच त्यांचं जेवण होतं.

आपण कोकणी-गोवेकर तो दाखला स्वतःला लावून घेतो, ते मला पटत नाही. मध्यम नारळात ३०० ग्रॅमच्या आसपास खोबरं धरा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी. पाच माणसांच्या घरात दिवसाला अर्धा नारळ वाटणात गेला तर माणशी शंभरेक कॅलरी होतात. दोन हजारांतल्या शंभर म्हणजे पाच टक्के! आपलं पोट भाताने आणि पेजेने भरलं, नारळाने चव दिली. म्हणून टोकेलाऊच्या नावाने तेल पिणं चूक, आणि आमटीतल्या वाटणाला घाबरणंही चूक.

वेंगुर्ल्याची लेक
हिशोब बरोबर, निष्कर्ष नाही. कॅलरी मोजल्यात तशी स्निग्धता मोजा. ओल्या खोबऱ्यात एक तृतीयांश स्निग्धांश असतो. तुमच्याच अर्ध्या नारळातून माणशी दहा ग्रॅम येतो. माझ्या आजीच्या घरात तेलाची बाटली फोडणीपुरती उघडायची, तूप सणाला. मग त्या ताटातली बहुतेक स्निग्धता कुठून आली? नारळातूनच. त्याला नुसती चव म्हणू नका. उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी खाऊन दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला ते दहा ग्रॅम मोलाचे होते.

हृदयस्थ
मी डॉक्टर आहे. प्रायरच्या अभ्यासातला एक आकडा तुम्ही दोघांनी सोडलात. टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा दर १०० मिलिलिटर रक्तामागे ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होतं. नारळ जास्त तिथे कोलेस्टेरॉल जास्त, हे त्याच कागदावर लिहिलंय.

२०२० साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारावरच्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे १० मिलिग्रॅमने वाढतं, असं त्यात दिसलं. खोबरेलातली जवळजवळ ९० टक्के स्निग्धता संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे एलडीएल वाढवणारी असते. माझ्यापुढे येणारा रुग्ण होडी वल्हवत नाही, खुर्चीत बसतो. त्याला टोकेलाऊची गोष्ट सांगून धीर देणं मला घातक वाटतं.

दक्षिण गोलार्ध
वेलिंग्टनमध्ये राहतो. टोकेलाऊहून आलेली बरीच कुटुंबं इथे पोरिरुआ आणि हट खोऱ्यात आहेत. १९६६च्या वादळानंतर सरकारने त्यांना इकडे आणायला सुरुवात केली, आणि पुढे स्थलांतरितांची नि बेटावर राहिलेल्यांची तुलना झाली. इथे आल्यावर त्यांच्या आहारातली संपृक्त स्निग्धता कमी झाली, तरी वजन, मधुमेह आणि गाउट (सांधे सुजण्याचा आजार) वाढले. डॉक्टर, नारळ हाच मुख्य गुन्हेगार असता तर तो सुटल्यावर प्रकृती सुधारायला हवी होती. पाव, साखर, मांस आणि बैठं काम एकदमच आलं. एकच जिन्नस बाजूला काढून त्याच्यावर खटला चालवता येत नाही.

हृदयस्थ
स्थलांतराने मधुमेह वाढला म्हणून एलडीएल निरुपद्रवी ठरत नाही. दोन वेगळ्या वाटांनी तोच हृदयविकार येतो. आणि खोबरं कसं खाता तेही पाहा. खवलेल्या ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे नऊएक ग्रॅम चोथा असतो. रस काढून सोलकढी केली की चोथा गाळणीत राहतो आणि स्निग्धता वाटीत येते. चटणीला माझी हरकत कमी आहे, रोजच्या घट्ट रसाला जास्त.

कुळागर
म्हणजे दोन चमच्यांच्या बाबतीत आपलं एकमत आहे. पण पाच टक्क्यांवर मी ठाम आहे. माशाच्या कालवणातलं वाटण बंद करा असा सल्ला माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत मिळालाय. वाटण गेलं, त्या जागी तळलेला तुकडा आला. हा कसला पथ्याचा आहार?

वेंगुर्ल्याची लेक
तेच सांगते. आमच्याकडे नारळ होता तेवढाच राहिला, वर तेलाची पिशवी आली. फोडणीपुरतं तेल होतं ते आता तळणीला लागतं. आधी महिन्याला किती पिशव्या संपतात ते विचारा, मग माझ्या खवणीकडे बघा.

हृदयस्थ
पिशवी मी पहिल्या भेटीतच विचारतो. त्यात पामतेल निघालं तर तेही निम्मं संपृक्त असतं. पण पिशवी कमी केली म्हणून नारळाला मोकळं रान नाही. ज्याचं एलडीएल आधीच १६० आहे, त्याने दोन्ही मोजावं.