ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालतो, गरम हवा येत नाही, घाटात काच आतून पांढरी होते

गोडोली_सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, शाळा कासच्या रस्त्यावर वरच्या एका गावात आहे. रोज सकाळी आम्ही तिघी शिक्षिका माझ्या गाडीतून यवतेश्वरचा घाट चढून जातो. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. एसी साधा, तीन गोल नॉबवाला, ऑटोमॅटिक नाही.

पंधरा दिवसांपासून दोन गोष्टी बिघडल्यात. पंख्याचा नॉब १, २, ३ वर ठेवला की काहीच होत नाही. ४ वर नेला की एकदम सुसाट वारं. आणि गरम हवेचा नॉब निळ्याकडून पार लालपर्यंत फिरवला तरी हवा गारच येते. हा नॉब आधी जरा जड फिरायचा, आता एका बोटानं गरगर फिरतो.

परवा घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. गाडीत तीन ओल्या छत्र्या, तीन रेनकोट, काच आतून पांढरीफटक. पंखा ४ वर लावला तर गार वाऱ्यानं काकडलो, काच मात्र सुटली नाही. शेजारच्या बाई रुमालानं पुसत होत्या आणि मी ताटलीएवढ्या जागेतून रस्ता बघत होते. समोरून उतरणाऱ्या एसटीचे दिवे अगदी अंगावर आल्यावर दिसले. शाळेत पोचल्यावर हजेरी घेताना माझा आवाज कापत होता.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी नॉब दोनदा फिरवून पाहिले आणि 'पूर्ण कंट्रोल पॅनेल बदला, नऊ हजार' म्हणून सांगितलं. काही उघडून बघितलं नाही. पैसे घालायला माझी ना नाही, पण त्यानं काम होणार का? कुणाला अनुभव असेल तर सांगा. सप्टेंबरपर्यंत हा घाट असाच आहे.

कराडकर_७७

ताई, आधी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बघा. पातळी खाली गेली की हीटरला गरम पाणी पोचत नाही आणि गार हवा येते. इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी तसंच होतं, मग टेम्परेचरचा काटाही नेहमीपेक्षा खाली राहतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, बाजूच्या पांढऱ्या टाकीवरच्या खुणा बघा.

बायपास_वाला

१-२-३ गेले म्हणजे रेझिस्टर, पंख्याचा वेग कमी करणारा तुकडा, गेला. माझ्या गाडीचा मी काढूनच टाकला, वायर डायरेक्ट जोडली. दोन वर्षं चालतंय.

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

ताई, मिरजेत छत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, आता दुकान मुलगा बघतो. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. पॅनेल बदलू नका. हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत, एकाच वेळी लक्षात आले म्हणून एक वाटतात.

पहिला पंख्याचा. ४ वर मोटर जोरात फिरते, म्हणजे फ्यूज, मोटर आणि अर्थिंग जिवंत आहे. १, २, ३ ला करंट रेझिस्टरच्या तारांतून जातो, म्हणून वेग कमी होतो. ४ ला रेझिस्टर वगळून थेट जातो. तेव्हा बहुतेक रेझिस्टर किंवा त्यावरचा थर्मल फ्यूज, फार तापलं की तुटणारा, उडालाय. हा तुकडा पॅनेलमध्ये नसतोच. डाव्या बाजूचा डॅशचा कप्पा काढला की मागे ब्लोअरची गोल डबी दिसेल, तिच्या जवळ दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. त्याच्या तारा हवेच्या झोतात ठेवलेल्या असतात, कारण त्या तापतात आणि वाऱ्यानंच गार होतात.

इथे माझं कळकळीचं सांगणं आहे. नवा रेझिस्टर आणून लगेच बसवू नका. तो का जळला ते आधी शोधा. मोटर जड फिरत असेल तर ती जास्त करंट खेचते आणि नवा रेझिस्टरही महिन्या-दोन महिन्यांत जातो. गाडी बंद करून ब्लोअर खाली उतरवा, जाळीचा पंखा बोटानं फिरवा. सोडल्यावर दोन-चार वेढे आपला आपण फिरायला हवा. लगेच थांबला किंवा खरखरला तर बेअरिंगमध्ये गंज आहे नाहीतर आत काही अडकलंय. गाडी झाडाखाली लावता का? वायपरखालच्या जाळीत पानं साचली की पावसाचं पाणी बाहेर जायची वाट बुजते आणि ते ब्लोअरमध्ये उतरतं. रेझिस्टरचा प्लगही नीट बघा. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, पिन सैल असेल, तर प्लग वायरसकट बदलायचा. जळक्या प्लगमध्ये नवा रेझिस्टर घालणं म्हणजे पुन्हा जाळायची सोय.

बायपास_वाला, राग मानू नका, पण हे दुसऱ्याला सांगू नका. डायरेक्ट केलं की कमी वेग उरतच नाही. शिवाय जोड घरगुती असेल, मध्ये फ्यूज नसेल, आणि मोटर जाम झाली, तर वायर डॅशच्या आत पेटते. तसली एक गाडी मी डोळ्यांनी बघितली आहे. तिचं डॅश वितळून पायांवर आलं होतं. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणारेही तीच चूक करतात.

दुसरा बिघाड गरम हवेचा. कराडकर म्हणतात ते आधी बघायचंच. पातळी बरोबर असेल तर घाट चढून गेल्यावर गाडी बंद करा, बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात दोन रबरी पाइप शिरतात, त्यांना जपून हात लावा. दोन्ही चटका बसण्याइतके गरम असतील तर गरम पाणी हीटरपर्यंत जातंय आणि दोष गार-गरम हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर हीटरमध्ये कचरा किंवा हवा अडकली आहे. पण तुम्ही लिहिलंत की नॉब आधी जड होता आणि आता गरगर फिरतो. ते वाचूनच माझा अंदाज झाला, केबलची क्लिप निसटली आहे. नॉब फिरतो, केबलचं बाहेरचं आवरण सरकतं आणि झडप जागची हलत नाही. साध्या एसीत ही तारेची केबल सायकलच्या ब्रेकसारखीच असते.

बसवताना नॉब पूर्ण गारवर ठेवा, झडपेची दांडी पूर्ण गारच्या टोकाला ढकला, मग आवरण क्लिपमध्ये दाबा. नाहीतर एका टोकाला कायम थोडी कसर राहते.

आता काचेचं, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. दुरुस्ती झाल्यावर घाटात काचेवरच्या हवेचं बटण, एसी चालू आणि नॉब गरमकडे, असं तिन्ही एकदम ठेवा. पावसाळ्यात एसी कशाला, असं लोक विचारतात. एसीच्या गार जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन गाडीखाली ठिबकते आणि ती कोरडी हवा हीटरवरून गरम होऊन काचेवर येते. नुसत्या गरम हवेपेक्षा ती कितीतरी लवकर काच सोडवते. आतली-बाहेरची हवा बदलायची दांडी बाहेरच्या हवेवर ठेवा. आतल्या हवेवर राहिली तर तिघींचा श्वास आणि छत्र्यांची वाफ तिथल्या तिथे फिरत राहते. आणि धुकं कधी काचेच्या बाहेरून बसतं, ते वायपरनं निघतं. तसं झालं तर काच फार गार झाली आहे असं समजा आणि नॉब आणखी गरमकडे न्या.

जमलं तर फोटो टाका.

गोडोली_सातारा

काका, तुमचा निरोप छापून नेला. पहिल्या गॅरेजला न जाता एमआयडीसीजवळच्या एका वायरमनकडे गेले आणि ते काम करत असताना शेजारी उभी राहिले.

कूलंट बरोबर होतं. दोन्ही पाइप गरम. कप्पा काढल्यावर रेझिस्टर निघाला. त्याच्या तीन तारांपैकी कुठलीच तुटलेली दिसत नव्हती, पण मीटर लावल्यावर करंट पार जात नव्हता, थर्मल फ्यूजच उडालेला. प्लगची एक पिन गुळाच्या ढेपेसारखी तपकिरी झाली होती आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुगून आलं होतं. वास अजून येत होता.

मग ब्लोअर उतरवला. आमच्या दारात जांभळाचं झाड आहे, गाडी वर्षानुवर्षं त्याच्याच सावलीत. पंख्याच्या जाळीत कुजलेल्या पानांचा ओला गोळा बसलेला, मूठभर. बोटानं फिरवला तर एक वेढासुद्धा पुरा झाला नाही. वायपरखालची जाळी काढल्यावर दोन्ही कोपऱ्यांत चिखल आणि जांभळाच्या बिया. पाणी जायचं भोक बियांनी गच्च बंद. त्यांनी तारेनं ते मोकळं केलं आणि तांब्याभर पाणी ओतलं, ते पुढच्या चाकाजवळून खाली आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पंखा धुऊन, वाळवून, बेअरिंगला तेल देऊन फिरवला, पण खरखर राहिलीच. म्हणून मोटर नवीन घेतली. रेझिस्टर, नवा प्लग, मोटर आणि मजुरी धरून चार हजार दोनशे. केबलची क्लिप खरंच निसटली होती, ॲक्सिलरेटरच्या उजवीकडे... चुकले, डावीकडे, हीटरच्या डबीवर. ती बसवायला पाच मिनिटं लागली. वायरमननं मला वाकून दांडी हलवायला लावली, झडप आतून 'टप' करून बसल्याचा आवाज स्वतः ऐकला.

आज सकाळी घाटात ढग होतेच. पंखा २ वर, एसी चालू, नॉब लालच्या जवळ. काच खालून वर सुटत गेली आणि पहिल्या वळणापर्यंत पूर्ण स्वच्छ. मागे बसलेल्या बाईंनी पिशवीतून रुमाल काढला होता, तो परत ठेवून दिला.

एक विचारायचं राहिलं. गाडीला केबिन फिल्टर नाही, जागा मात्र दिसते. बसवू का?

मिरज_ऑटोइलेक्ट्रिक

बसवा. पानांचा चुरा मोटरपर्यंत जाणार नाही. पण दर पावसाळ्याआधी काढून बघायचा, तो ओला आणि गच्च झाला की हवाच कमी येते आणि काच पुन्हा धरते. जाळीखालची जागा मात्र फिल्टर असला तरी साफ करावी लागेल, पाणी अडतं ते तिथेच. जांभळं पडायला लागली की लगेच एकदा, आणि श्रावणात एकदा. झाड तोडू नका, गाडी दोन हात पुढे लावा.

कराडकर_७७

ताई, शाळेच्या आवारात गाडी लावल्यावर खाली पाणी ठिबकलेलं दिसतं का ते बघत जा. एसी चालू असूनही ठिबकलं नाही तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी बुजलेली असते आणि पाणी डावीकडच्या पायांखालच्या गालिच्यात मुरतं.

गोडोली_सातारा

आत्ताच मधल्या सुट्टीत बघून आले. गाडीखाली हातभर ओलं आहे, आणि गालिचा कोरडा आहे.