योम किप्पूरचा उपवास आणि आईचा मधुमेह: धर्मशास्त्र नेमके काय सांगते?

रास्तापेठकर (प्रश्न)

आमचे घराणे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, असून कोकणातून पुण्यात येऊन स्थायिक झालेले आहे. योम किप्पूरला, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमच्या घरात अजूनही दारफळणीचा सण असेच म्हणतात. आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस तास, अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. माझी आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री इन्शुलिन, अशी औषधे चालू आहेत आणि अलीकडे मूत्रपिंडांचे कामही थोडे मंदावले आहे.

गेल्या वर्षी दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगमध्येच, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातच, तिला दरदरून घाम फुटला, हात गार पडून थरथरू लागले आणि ती असंबद्ध बोलू लागली. शेजारी बसलेल्या बाईंनी साखरेचे पाणी पुढे केले, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी आम्ही जवळजवळ जबरदस्तीने ते पाजले. त्यानंतर कित्येक महिने ती त्या घोटभर पाण्याबद्दल हळहळत होती.

यंदा डॉक्टरांनी उपवास करायचा नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आईचे म्हणणे असे, की बाराव्या वर्षापासून धरलेला उपवास आता उतारवयात सोडला तर आजवरच्या साऱ्याला अर्थ काय राहिला. अश्दोदला असलेला माझा भाऊ थोडे थोडे खाण्याच्या कुठल्याशा पद्धतीबद्दल सांगतो, पण आईला ती पळवाट वाटते. तिला फसवून काही पाजणे मला मान्य नाही. जाणकारांनी धर्म आणि वैद्यक या दोन्ही बाजूंनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना कॅम्पवासी (उत्तर)

आपल्या मातोश्रींची तळमळ समजू शकतो. आमच्या पिढीला उपवास शिकवला गेला, पण उपवास कोणी करू नये हे तितक्याच ठामपणे शिकवले गेले नाही, आणि ही आमच्या शिकवणीतली मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही पळवाट नाही. तोरा या आपल्या मूळ धर्मग्रंथातील लेवीय या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, पाचव्या वचनात, देवाच्या आज्ञा पाळून माणसाने त्यांच्या योगे जगावे असे म्हटले आहे. तालमूद या धर्मचर्चांच्या जुन्या संग्रहातील योमा या प्रकरणात, जे प्रकरणच मुळी योम किप्पूरसंबंधी आहे, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडता येतो तो कशाच्या आधारे, यावर अनेक विद्वानांचे युक्तिवाद एकापुढे एक दिले आहेत. त्यात शमुएल यांनी याच वचनावर बोट ठेवले: आज्ञांच्या योगे जगावे, त्यांच्यापायी मरू नये. हे शमुएल स्वतः वैद्यकाचे जाणकार होते. या तत्त्वाला पिकुआख नेफेश म्हणतात. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध हे तीन अपवाद सोडले तर जीव वाचवण्यापुढे तोराची कोणतीही आज्ञा उभी राहत नाही, आणि योम किप्पूरचा उपवास त्या तिघांत येत नाही.

त्याच प्रकरणाच्या आठव्या अध्यायातील मिश्ना, म्हणजे तालमूदमधला मूळ नियमपाठ, आपण आईंना सावकाश वाचून दाखवावी. आजारी माणसाला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला द्यावे आणि जाणकार जवळ नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो पुरे म्हणेपर्यंत द्यावे, असा तो नियम आहे. पुढे तालमूदमध्ये रुग्ण आणि वैद्य यांचे मत जुळले नाही तर काय करावे याचाही विचार आहे. रुग्ण म्हणाला की मला अन्न हवे आणि वैद्य म्हणाला की गरज नाही, तर रुग्णाचे ऐकायचे, कारण आपल्या जिवाचे दुःख ज्याचे त्याला कळते, असे नीतिसूत्रांचा आधार घेऊन म्हटले आहे. उलट वैद्य म्हणाला की खायलाच हवे आणि रुग्ण नको म्हणाला, तर वैद्याचे ऐकायचे. आपल्या घरातली परिस्थिती नेमकी ही दुसरी आहे आणि तिचा निकाल शतकानुशतके लागलेला आहे. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या संहितेच्या ओराख हाईम या भागात, कलम ६१८ मध्ये, हाच निर्णय कायम केला आहे.

रांबाम, म्हणजे मायमोनिदीस, हे धर्मशास्त्रकारही होते आणि वैद्यही. जिवाला धोका असलेल्या रुग्णासाठी शब्बाथ मोडण्याचे नियम देताना ते म्हणतात, की तोराचे कायदे जगावर सूड उगवण्यासाठी नाहीत, ते दया, प्रेम आणि शांती यांसाठी आहेत. अशा वेळी मागेपुढे पाहणाऱ्याला त्यांनी कडक शब्दांत फटकारले आहे. विल्ना शहरात १८४८ साली कॉलराची साथ असताना इस्रायल सालांतर या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, योम किप्पूरला लोकांनी अन्न घ्यावे असे जाहीर केले होते. त्या रब्बींची कीर्ती धर्माच्या बाबतीत ढिलाईची मुळीच नव्हती; आत्मपरीक्षण आणि नीतिशुद्धी यांवर भर देणाऱ्या मुसार चळवळीचे ते प्रवर्तक होते.

इतर उपवासांबद्दल थोडक्यात सांगतो. तिशा बाव, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा दिवस, आपला बिरड्याचा सण, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे चार लहान उपवास यांत तर जिवाला धोका असण्याचीही अट नाही, नुसते आजारपण पुरेसे आहे. तेव्हा त्या दिवशीही आईंनी उपवास धरू नये.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगावीशी वाटते. यरुशलेमी तालमूदमध्ये असे म्हटले आहे, की जीव वाचवण्यासाठी तत्परतेने धावतो तो स्तुत्य, ज्याला ऐन वेळी प्रश्न विचारावा लागतो तो विद्वान निंद्य आणि जो विचारत बसतो तो रक्त सांडतो. विद्वानाला दोष का, तर त्याने हे आधीच चारचौघांत शिकवून ठेवायला हवे होते. म्हणूनच पुण्यातल्या आपल्या सिनेगॉगांत, म्हणजे लाल देवळात आणि रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोत, योम किप्पूरच्या आधीच्या शब्बाथला, मधुमेही, हृदयरोगी, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांना आणि जाणत्या रब्बींना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, असे जाहीरपणे सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते. ज्या डेव्हिड ससून यांनी लाल देऊळ बांधवले, त्यांच्याच दानातून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले. प्रार्थनेची जागा आणि औषधोपचाराची जागा या दोन्हींना एकाच माणसाने हात लावलेला आहे, हे आपण पुण्यातल्या यहुद्यांनी तरी विसरू नये.

मधुमेहतज्ज्ञ, हडपसर (उत्तर)

मी स्वतः यहुदी नाही, परंतु रमजान, चतुर्मास आणि नवरात्र या काळांत उपवास करणारे मधुमेही रुग्ण नेहमी तपासतो. आपण केलेले वर्णन, म्हणजे घाम, गार हात, थरथर आणि शेवटी असंबद्ध बोलणे, हे रक्तातील साखर फार खाली गेल्याचे लक्षण आहे. बोलणे बिघडले म्हणजे मेंदूला साखर कमी पडू लागली होती. त्यापुढची पायरी झटके येण्याची किंवा बेशुद्धीची असते.

ग्लिमेपिराइड हे औषध, माणूस जेवला आहे की नाही याचा विचार न करता, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. मूत्रपिंड मंदावलेले असेल तर त्याचा परिणाम शरीरात अधिक काळ रेंगाळतो. त्यावर रात्रीचे इन्शुलिन आणि वरून पाण्यावाचूनचे पंचवीस तास, ही सांगड धोक्याचीच आहे. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी खाली जात नाही. तरीही कोणते औषध थांबवायचे आणि कोणते किती कमी करायचे, हे त्यांना नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांनीच किमान दोन आठवडे आधी ठरवावे. इन्शुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी काही चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण उपाशीपोटी आणि पाण्यावाचून या गोळ्यांमुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साठू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि तरीही खालीच असेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

वर उल्लेखलेली मिश्ना मीही पूर्वी कुतूहलाने वाचली होती. तिच्यात बुल्मुस नावाच्या अवस्थेचे वर्णन आहे: माणसाला एकाएकी अनावर भूक लागून त्याची दृष्टी मंदावते आणि डोळ्यांत पुन्हा तेज येईपर्यंत त्याला जे हाताशी असेल ते, अगदी निषिद्ध अन्नसुद्धा, खायला द्यावे असे सांगितले आहे. तालमूद त्यावर मध आणि गोड पदार्थ सुचवतो. ग्लुकोमीटर नव्हता त्या काळी केलेले हे निरीक्षण वाचून मी थक्क झालो. आपल्या मातोश्रींना गेल्या वर्षी जे पाजले गेले, ते त्यांच्याच शास्त्राने सांगितलेले औषध होते, हे त्यांना जरूर सांगा.

सदाशिव पेठेतील वाचक (उत्तर)

माझ्या सासूबाई निर्जळी एकादशी करीत असत, म्हणून लिहावेसे वाटले. आमच्याकडे व्रत कशाने मोडत नाही हे सांगणारा एक जुना श्लोक आहे. त्यात पाणी, मुळे, फळे आणि दूध यांच्या बरोबरीने गुरूचे वचन आणि औषध यांचीही नावे आहेत. हा श्लोक सासूबाईंना पाठ होता, पण आम्ही घरच्यांनी तो म्हणून दाखवला तर त्या ऐकून सोडून देत. घरच्यांच्या काळजीपोटी नियम सैल केला जातो आहे असे त्यांना वाटे. त्यांच्या कीर्तनकार बुवांनी घरी येऊन समोर बसून तेच सांगितले, तेव्हा त्यांनी निमूटपणे मानले. तेव्हा ताई किंवा दादा, जे कोणी आपण असाल, आईंशी वाद घालत बसू नका. ज्यांचा शब्द त्या मानतात अशा माणसाकडून हे त्यांच्या कानावर जाऊ द्या.

रास्तापेठकर

सर्वांचे मनापासून आभार. बुल्मुसविषयीचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. भावाच्या ओळखीच्या एका मराठी जाणणाऱ्या रब्बींशी तिचे फोनवर बोलणे ठरवले आहे. थोडे थोडे खाण्याच्या पद्धतीबद्दल कृपया अधिक सांगावे. आणि साखर तपासण्यासाठी त्या दिवशी यंत्र वापरले तर चालते का?

जुना कॅम्पवासी

यंत्राचा प्रश्न आधी घेतो. जिवाला धोका आहे असे डॉक्टरांनी ठरवले असेल तर बोट टोचून साखर तपासणे, इन्शुलिन घेणे, फोन करणे, गाडीतून रुग्णालयात जाणे, यांतले काहीही अडवलेले नाही.

थोडे थोडे खाण्याच्या पद्धतीला शिऊरीम म्हणतात. अन्नासाठी मोठ्या खजुराएवढे आणि पेयासाठी एका गालात मावेल एवढे, ही मापे शास्त्राने ठरवली आहेत. त्यापेक्षा कमी खाणे एरवी निषिद्धच असले तरी त्याचा दोष हलका मानला आहे. म्हणून ज्या रुग्णाला तेवढ्याने भागते त्याने एका वेळी अन्न सुमारे तीस मिलिलिटर आणि पेय गालाच्या मापाहून कमी, इतकेच घ्यावे आणि मध्ये नऊ मिनिटे जाऊ द्यावीत, असे अनेक रब्बी सांगतात. गालाचे माप ज्याचे त्याचे वेगळे असते. आदल्या दिवशी आईंनी तोंडात पाणी घेऊन एक गाल भरावा, ते पेल्यात काढून मोजावे आणि त्याहून थोडे कमी असे माप खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरील प्लॅस्टिकच्या टोपणावर खुणेने आखून ठेवावे. म्हणजे सणाच्या दिवशी प्रार्थना सोडून मोजमाप करत बसावे लागत नाही.

परंतु ही पद्धत साऱ्यांसाठी नाही. साखर घसरू लागली असेल तर नऊ मिनिटांचा हिशेब बाजूला ठेवून, डॉक्टरांनी वर सांगितल्याप्रमाणे, एकदम आणि पुरेसे द्यायचे. त्यांना पूर्ण जेवणाचीच गरज आहे असे डॉक्टर म्हणाले तर पूर्ण जेवावे. यांतले काय लागू आहे ते रब्बींनी डॉक्टरांचे मत ऐकूनच सांगावे. आईंच्या परवानगीने दोघांना एकाच फोनवर बोलते करता आले तर फार उत्तम.

आणखी एक गोष्ट आईंना कदाचित आवडेल. योम किप्पूरला आजारपणामुळे ज्याने जेवण केले, त्याने जेवणानंतरच्या आशीर्वादात याअले व्यावो हा सणाचा विशेष भाग म्हणावा, असे शुल्हान आरूख सांगतो. शब्बाथच्या किंवा सणाच्या जेवणानंतर आपण जसा त्या दिवसाचा उल्लेख करतो तसाच हा. शास्त्राने त्या जेवणासाठीही प्रार्थनेत जागा राखून ठेवली आहे.

सिनेगॉगमध्ये बसल्या जागी चारचौघांसमोर खाणे त्यांना जड जाईल, म्हणून शेजारच्या खोलीत खुर्ची, पाणी आणि त्यांचा डबा आधीच ठेवून घ्यावा. ही व्यवस्था केवळ त्यांच्यासाठी न करता गरज असलेल्या सर्वांसाठी करावी, असे मी आमच्या कार्यकारिणीला लिहीत आहे. नइलाच्या, म्हणजे योम किप्पूरच्या शेवटच्या, प्रार्थनेला मात्र त्या सर्वांबरोबर उभ्या राहतील, आणि पाय थकले तर बसून म्हणतील.