एमडीनंतर थेट अमेरिकेत फेलोशिप?

तुमच्या मुलाचं इथलं एमडी मेडिसिन झालंय, तर अमेरिकेत थेट कार्डिऑलॉजी फेलोशिपला, म्हणजे हृदयरोगाच्या पुढच्या प्रशिक्षणाला, अर्ज चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नियमात अपवाद आहे, पण तो फार थोड्यांना मिळतो. बहुतेकांना इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) तिथे पुन्हा करावी लागते. माझ्या बहिणीनेही केली. एमडी होऊन पुन्हा इंटर्न! आईला ते फार लागलं होतं.

व्हिसाचा विचार मात्र आजच करा, नंतर नको. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर साधारणपणे एकूण सात वर्षं मिळतात: रेसिडेन्सी तीन, कार्डिऑलॉजी तीन, इंटरव्हेन्शनल (अँजिओप्लास्टीसारखे उपचार) एक. हिशोब तिथेच संपतो. मग दोन वर्षं मायदेशी राहायचं, नाहीतर त्या अटीतून सवलत मिळवायची. ही सवलत देणाऱ्या कॉनरॅड योजनेत एका राज्याला वर्षाला फक्त ३० जागा. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर स्टेप ३ (तिथल्या वैद्यकीय परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) आधी पास हवी, आणि तो व्हिसा सगळेच प्रोग्रॅम देत नाहीत.

स्टेप १ ला २०२२ पासून नुसतं पास-नापास आहे, त्यामुळे शिफारसपत्रांचं वजन वाढलंय. मोठ्या नावापेक्षा ज्यांनी त्याला वॉर्डात काम करताना पाहिलंय, त्यांचं पत्र घ्या.

फेलोशिपचा निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो, आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास. बहिणीच्या निकालाच्या रात्री नौपाड्यातल्या घरी बाबा फोन हातात धरून गॅलरीत उभे होते, चहा कठड्यावर तसाच गार झालेला. जागा मिळाली, पण दुसऱ्या वर्षीच्या अर्जाला. पहिल्या वर्षी ती हुकली, तेव्हा आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नव्हतं. मुलाशी हेही आत्ताच बोलून ठेवा.