पेन्शनची विक्री करावी का?

मी १९९१ ची भरती, या मेअखेर रिटायर. मूळ पेन्शन ३०,००० बसतंय. ४० टक्के विकू का, म्हणजे महिन्याचा तेवढा भाग कापून एकरकमी पैसे घेऊ का? क्वार्टर सोडायचंय, गावच्या घराला प्लास्टर नाही. बायको म्हणते, महिन्याचं कमी करू नका.

निवृत्त हवालदार: दादा, १२,००० महिना कापून साधारण १२ लाख हातात, त्यावर आयकर नाही. १५ वर्षांनी पेन्शन पूर्ववत. महागाई भत्ता मूळ ३०,००० वरच मिळतो, हे वहिनींना आधी सांगा. मी विकली, पोरीचं लग्न कर्जाशिवाय झालं.

माजी लेखनिक: निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज टाका, नाहीतर मेडिकल तपासणीची भानगड. सेवापुस्तकातल्या नोंदी आत्ताच बघून घ्या. माझी एक वेतनवाढ गायब होती!

मूळ प्रश्नकर्ता: भत्त्याचं सांगितलं. आता ती प्लास्टर सोडून टाइल्सवर आलीय.