देवकुंड हे खचलेल्या जमिनीचे विवर आहे का?

मुलुंडकर: दिवाळीनंतर दहावीतल्या भाचीला घेऊन रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळच्या देवकुंडाला, म्हणजे धबधब्याखालच्या कुंडाला, जाण्याचा विचार आहे. ते कुंड जमीन खचून तयार झालेले विवर आहे, असे तिने ऐकले आहे. हे खरे आहे का, आणि जंगलातली वाट कितपत धोक्याची आहे, हे कृपया सांगावे.

गिरगावची वाटसरू: ते खचलेले विवर नव्हे. किंचित आम्लधर्मी झालेल्या पावसाच्या पाण्यात चुनखडी विरघळते, आत पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी वरचे छत कोसळते, तेव्हा तसे विवर तयार होते. सह्याद्रीचा खडक मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे आणि तो असा विरघळत नाही. देवकुंड कोरले ते उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याने आणि त्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी. कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगेही गोट्यांच्या अशाच घासण्याने झाले आहेत. तेही भाचीला अवश्य दाखवा.

ठाणेकर: वाटेपेक्षा ओढे आणि कुंड यांचीच मला अधिक धास्ती वाटते. एका जूनमध्ये जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना कमरेपर्यंत चढला होता, आणि डोक्यावर तर पाऊसही नव्हता. तो वरच्या डोंगरात पडला होता. कुंडाचा काठ शेवाळलेला असून दोन पावलांवर तळ एकदम नाहीसा होतो, म्हणून पोहता येत असले तरी पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात प्रशासन बंदी घालते, ती योग्यच आहे. गावातला वाटाड्या अवश्य घ्यावा.

मुलुंडकर: मनापासून आभार. पाण्यात न उतरण्याचे भाचीकडून आधीच कबूल करून घेतो.